वरच्या ओळीचा चोर

१

शुक्रवारी सकाळी दुकान उघडून अर्धा तास झाला नसेल, तेवढ्यात भाऊनं जुन्या काळ्या फोनवरून ताईला बोलावून घेतलं. दबक्या आवाजात म्हणाला, चोरी झालीय, तू एकटीच ये, आणि कुणाजवळ बोलू नकोस.

ताई घाईघाईनं निघाली नाही. चहा संपवला, कप धुतला, मग चपला घातल्या. एकतीस वर्षं ती बस स्टँडवरच्या ‘हरवलं-सापडलं’च्या खिडकीमागे बसली होती. छत्र्या, डबे, एकेकट्या चपला, एकदा तर कुणाची तरी कवळीसुद्धा तिच्याकडे जमा झालेली. लोक तावातावानं यायचे, चोरी झाली म्हणायचे, समोरच्या प्रवाशाकडे बोट दाखवायचे. ताई शांतपणे विचारायची, शेवटची कधी पाहिलीत? शंभरातल्या नव्वद जणांची वस्तू मागच्या खोलीतल्या फळीवर निघायची. मग ती म्हणायची, “ओळख पटवा आणि घेऊन जा.” हे वाक्य तिच्या जिभेवर इतकं बसलं होतं, की निवृत्तीनंतरही शेजारणीची वाटी परत करताना तोंडून निघून जायचं.

भाऊ तिच्याहून पाच वर्षांनी लहान, चष्म्यांचा दुकानदार. ताई आत शिरली तेव्हा तो काउंटरमागे उभा होता आणि चेहरा उतरलेला होता. पण काय झालं ते सांगण्याआधी त्यानं हात पुढे केला.

“आधी चष्मा दे तुझा.”

भाऊसमोर कुणाच्या नाकावर मळकी काच टिकायची नाही. त्यानं काचेवर हलकेच फुंकर घातली आणि खिशातून आपलं पिवळं फडकं काढलं. धुऊन धुऊन ते कांद्याच्या पापुद्र्याइतकं पातळ झालं होतं. फडक्यातला अंगठा उजवीकडून डावीकडे एकदाच ओढला, दुसऱ्या काचेवर पुन्हा एकदाच. गोल गोल पुसणारा माणूस काचेचा वैरी, असं तो दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचा. एका दिशेनं ओढलं तर धूळ निघून जाते, गोल फिरवलं तर तीच धूळ काच ओरबाडते. गिऱ्हाईक बिचारं मान डोलवायचं आणि घरी जाऊन शर्टाच्या टोकानं गोल गोल पुसायचं.

ताईनं चष्मा नाकावर चढवला. आता तिला भाऊचे डोळे नीट दिसले. तो रात्रभर झोपला नव्हता.

“काय गेलं?” तिनं विचारलं.

भाऊनं खिशातून नवा मोबाइल काढून काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, “धाकट्याचा आवाज.”

२

मोबाइल येऊन तीन आठवडे झाले होते. भाऊला तो नकोच होता. त्याच्या लेकीनं आणला, आणि बापाला बोलायला जागा राहू नये म्हणून दुकानाच्या पाटीवर नंबरही रंगवून घेतला. पहिले चार दिवस भाऊनं त्याला हात लावला नाही. पाचव्या दिवशी लावला तोही निखारा उचलावा तसा. मग हळूहळू आलेला मेसेज उघडायला आणि आलेला आवाज ऐकायला शिकला. उत्तर द्यायला मात्र शिकला नाही. बटण दाबून धरायचं आणि धरूनच बोलायचं, हे त्याला जमेना. बोलायला लागला की हाताचा विसर पडायचा आणि बोट सुटायचं.

नव्या गोष्टींशी त्याचं वैर जुनंच. सहा वर्षांपूर्वी घर फुटलं तेही त्यावरूनच. धाकटा भाऊ तेव्हा याच दुकानात पडद्यामागे चाकावर बसून काचा घासायचा. त्याला डोळे तपासायचं नवं यंत्र आणायचं होतं. भाऊ म्हणाला, या दुकानात एक तर ते यंत्र राहील नाहीतर मी. शब्दानं शब्द वाढला आणि धाकटा गाव सोडून गेला. ताईनं दोघांनाही समजावलं आणि दोघांच्याही मनातून उतरली. धाकट्याची तिला वर्षाकाठी दोन ओळींची पत्रं यायची, मी ठीक आहे एवढीच. फोन नंबर त्यानं कधी कळवला नाही.

“काल दुपारी अनोळखी नंबरावरून आवाज आला,” भाऊ सांगत होता. “लावला. ‘दादा, मी बोलतोय’ म्हणाला. मी खालीच बसलो. रविवारी इकडे यायचं म्हणत होता. शनिवारी दिवेलागणीपर्यंत कळव, नाही कळवलंस तर मी समजून घेईन, पुन्हा विचारणार नाही, असं म्हणाला. कशासाठी यायचंय ते सांगणार, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. मी बंद केलं. म्हटलं, संध्याकाळी निवांत ऐकू. संध्याकाळी उघडलं तर ओळच नाही. नंबरही गेला.”

“मधल्या वेळात फोन कुणाकडे होता?”

“लेक येऊन गेली, तिनं अक्षरं मोठी करून दिली. बाकी माझ्या खिशातच.”

याआधीही दोनदा असंच झालं होतं. मागच्या आठवड्यात काचांच्या वखारीतून आलेली यादी गेली, ती शेवटची दुकानातल्या कारागिराच्या हातात होती. चार दिवसांनी मेहुणीनं पाठवलेले विणकामाचे फोटो गेले, ते शेवटचे भाऊच्या बायकोनं पाहिले होते. तिन्ही वेळा यादीतली सगळ्यात वरची ओळ गेली, खालच्या जागच्या जागी राहिल्या.

ताई म्हणाली, लेकीलाच का नाही दाखवत? भाऊनं मान हलवली. तीन आठवडे तो एकच वाक्य ऐकत होता, की बाबा, तुम्हीच काहीतरी दाबलं असेल. ते सहाव्यांदा ऐकण्यापेक्षा त्याला चोर सापडलेला परवडणार होता. आणि चोर त्यानं नक्कीही करून टाकला होता.

“तिन्ही वेळा दुकानात हजर असा एकच माणूस आहे,” पडद्याकडे नजर टाकत तो कुजबुजला. “धाकटा परत आला तर चाक कुणाचं जाईल? मी त्याला सकाळीच सांगितलं, सोमवारपासून येऊ नकोस.”

३

पडद्यामागे चाक गरगरत होतं. कारागीर एकोणीस वर्षं या दुकानात होता. आधी पडेल ते काम करायचा, गेली सहा वर्षं चाकावर. ताईला पाहून त्यानं चाक थांबवलं आणि बसायला स्टूल पुढे सरकवलं. कोपरापर्यंत त्याचे हात घासलेल्या काचेच्या पांढऱ्या चिखलानं माखले होते. सोमवारपासून काम नसलेला माणूस शुक्रवारी कुणाची तरी काच इतकी मन लावून घासतोय, हे पाहून ताईला वाईट वाटलं.

काय हरवलं ते तिनं सांगितलं नाही. नुसतं विचारलं, भाऊचा मोबाइल कधी हाताळलास का?

एकदाच, तो म्हणाला. वखारीतून काचांचे नंबर आले होते ते बघायला. पण त्याचं बोट मोबाइलला कळतच नव्हतं. त्यानं अंगठा पुढे करून दाखवला. चाकावर घासून घासून तो गुळगुळीत झालेला, वर चिखलाचा थर. भाऊंनीच यादी वर-खाली करून दाखवली, यानं नुसता हातात धरला. तेवढ्यानंही काचेवर पांढरी बोटं उमटली आणि त्याबद्दल बोलणी बसली ती वेगळीच.

“काचेवर डाग दिसला की भाऊंना दम धरवत नाही,” तो जरा हसून म्हणाला.

ताईनं मग मुद्द्याचं विचारलं, धाकटा उद्या परत आला तर?

कारागिरानं हात फडक्याला पुसले. बराच वेळ पुसत राहिला.

“येऊ दे की, ताई. चाक त्यांचंच आहे. जाण्याआधी आठ दिवस मला इथे बसवून शिकवून गेले. सख्ख्या भावाशी बोलणं बंद होतं, पण दुकानाचं चाक बंद पडू नये म्हणून. असं कोण करतं? ते आले तर मी उठून जागा देईन.”

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं ताईच्या मनात आलं. पण नुसतं मनात येऊन भागत नाही. गोड बोलणारे तिनं खिडकीवर रोज पाहिले होते, आणि एकानं तर दुसऱ्याची बॅग डोळ्यांत पाणी आणून मागितली होती. ती उठता उठता कारागीर हळूच म्हणाला, “ताई, वहिनींशी बोललात का? धाकट्या भाऊंचं नाव काढलं की त्या उठून आत जातात. सहा वर्षं बघतोय मी.”

४

वहिनी दुकानाच्या वरच्या मजल्यावर भांडी घासत होती. कारागीर म्हणाला त्यात खोटं काही नव्हतं. भांडणाच्या दिवशी धाकटा भरल्या ताटावरून उठला होता, आणि जाता जाता तिला म्हणाला होता, तुम्हीच माझ्या भावाला मागासलेला ठेवलात. त्या दिवसापासून वहिनीनं त्याचं नाव घेतलेलं कुणी ऐकलं नव्हतं.

ताई ओट्याला टेकून उभी राहिली आणि आडून आडून मोबाइलवर आली. वहिनीला विषय मिळाल्यासारखं झालं. म्हणाली, नवऱ्याचा फोन म्हणजे सोवळ्यातलं भांडं. बहिणीनं विणकामाचे फोटो पाठवले, ते बघायला घेतला. हात ओले होते, साबणाचा एक थेंब पडला. तर हातातून ओढूनच घेतला की. नमुना नीट बघूनही झाला नव्हता. नंतर मागितला तर म्हणे, फोटो गेले.

“धाकट्याकडे असा फोन असेल का गं?” ताईनं सहज विचारल्यासारखं केलं.

वहिनीचा हात भांड्यावर थांबला. तिनं नळ बंद केला आणि जिन्याकडे पाहून घेतलं.

“ताई, तुम्हाला म्हणून सांगते. पत्र मी लिहिलं त्याला.”

ताईनं चष्मा सारखा केला. पत्ता कुठून मिळाला, एवढंच तिला सुचलं.

“तुमच्या कपाटावरच्या पाकिटावरून. तुम्ही चहा ठेवायला आत गेला होता तेव्हा उतरवून घेतला. लिहिलं की तुझ्या भावानं मोबाइल घेतलाय, हा नंबर. ज्या माणसानं यंत्रापायी भाऊ घालवला त्याच्या खिशात आता यंत्र आहे. एकदा आवाज दे. बघू काय होतं ते.” तिनं पदराला हात पुसले. “रागावले होते मी. अजून आहे राग. पण म्हणून काय दोघांनी असंच म्हातारं व्हायचं का? पत्र टाकून दहा दिवस झाले. त्याचं काही आलं का, ताई? ह्यांनी काही सांगितलं?”

ताईनं भाऊला शब्द दिला होता. तोंडावर आलेलं उत्तर तिनं गिळलं. एका पत्रापायी दहा दिवस जिन्यातल्या पावलांकडे कान लावून बसलेली ही बाई, आणि जिची वाट पाहत होती ती गोष्ट एक मजला खाली येऊन हरवली होती.

“उद्यापर्यंत थांब,” ती म्हणाली. तिला स्वतःचाच राग आला.

जिना उतरताना तिनं हिशेब मांडला. धाकट्याला पत्र टाकायचं तर पोचायला तीन दिवस, आणि उद्या दिवेलागणीला मुदत संपत होती. वहिनी सुटली होती. कारागीर बहुतेक सुटला होता. आता उरली भाचीच. काल दुपारी मोबाइल शेवटचा तिच्या हातात होता आणि मोबाइलमधलं काही नाहीसं करायची अक्कल या घरात फक्त तिलाच होती.

५

भाची औषधांच्या दुकानात कामाला होती. दुपारी गर्दी नव्हती. आत्याला पाहून ती काउंटरच्या फळीखालून वाकून बाहेर आली आणि लहानपणीसारखी गळ्यात पडली. दिवसभर हात धुवावे लागतात म्हणून ती सारखं क्रीम चोळायची, त्याचा वास ताईच्या खांद्याला लागला.

ताईनं सरळ विचारलं. मोबाइलमधला मेसेज कुणाला नाहीसा करायचा असेल तर तो काय करतो?

“दाबून धरायचा, आत्या. मग फोन विचारतो, नक्की काढायचा का? हो म्हटलं की गेला.”

“विचारतो? दर वेळी?”

“दर वेळी. चुकून जाऊ नये म्हणून.”

“आणि तुझ्या बाबांना फोननं असं विचारलं तर?”

भाची हसायला लागली. “बाबा? फोननं काही विचारलं की ते घाबरून बटण दाबतात आणि अंधार करून टाकतात. गेल्या तीन आठवड्यांत त्यांनी कशाला हो म्हटलेलं नाही.”

काका आठवतो का, असं विचारल्यावर तिचं हसू गेलं. म्हणाली, आठवतो. पहिला चष्मा लागला तेव्हा ती रडत होती, तर काकानं तिच्या बाहुलीला चष्मा करून दिला होता, खऱ्या काचांचा. ती बाहुली अजून आहे. काल बाबांचा फोन हातात होता तेव्हा मनात आलं होतं, काकाचा नंबर असता तर यात घालून ठेवला असता.

ताईनं तिच्याकडे नीट पाहिलं. खोटं बोलणारी माणसं वस्तूचं वर्णन करताना रंग सांगतात आणि खरं बोलणारी ओरखडा सांगतात, असा तिचा अनुभव होता. बाहुलीच्या चष्म्याची डावी दांडी तुटली आहे, असं भाचीनं आपणहून सांगितलं.

म्हणजे तिघंही सुटले, आणि वस्तू तर गेली होती. ताई चालत घरी निघाली. चोर कोण, हा प्रश्न बाजूला ठेवून तिनं खिडकीवरचा जुना प्रश्न घेतला. काचांची यादी, विणकामाचे फोटो आणि हरवलेला भाऊ या तिन्ही गोष्टी एकालाच नकोशा असतील असा माणूस या जगात कोण? कुणीच नाही. चोराला आवडनिवड असते. जो वरचं असेल ते नेतो, त्याला काय नेतोय याचा पत्ताच नसतो.

समोरून येणारी सायकल तिला धूसर दिसली. भाचीच्या हाताचं क्रीम चष्म्याला लागलं होतं. ताईनं चष्मा काढला, फुंकर घातली, हातरुमालातला अंगठा उजवीकडून डावीकडे एकदा ओढला. जन्मात तिनं चष्मा कधी असा पुसला नव्हता. भावाचं सकाळी पाहिलेलं नकळत हातात आलं होतं.

ती भर रस्त्यात तशीच उभी राहिली, चष्मा एका हातात आणि रुमाल दुसऱ्या हातात. सायकलवाला घंटी वाजवून कंटाळला आणि बाजूनं निघून गेला.

६

शनिवारी पाच वाजता ताईनं सगळ्यांना दुकानात बसवलं. भाचीला त्याआधी सुटता आलं नव्हतं, ती कामावरून थेट आली होती. वहिनी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली. कारागीर पडद्याशी उभा होता, आणि भाऊ त्याच्याकडे न पाहण्याची काळजी घेत होता. बाहेर ऊन उतरायला लागलं होतं.

ताईनं भाचीला सांगितलं, बाबांना काहीतरी मेसेज पाठव, दोन शब्दांचा. भाऊच्या खिशात टिंग असं वाजलं. त्यानं मोबाइल काढून उघडला. यादीत सगळ्यात वर लेकीचा मेसेज होता, ‘बाबा चहा’.

“आता तो कारागिराच्या हातात दे.”

भाऊच्या कपाळावर आठी पडली, पण त्यानं दिला. कारागिरानं तो जपून धरला आणि ताईनं खूण केल्यावर तसाच परत दिला. काचेवर चार पांढरी बोटं उमटली होती. भाऊनं काचेकडे पाहिलं, तोंड वाकडं केलं, फुंकर घातली, पिवळं फडकं काढलं आणि अंगठा उजवीकडून डावीकडे ओढला. सराईत हात, एकच ओढ. मग तो मोबाइल खिशात ठेवायला लागला.

“थांब. मेसेज वाच बघू लेकीचा.”

भाऊनं पाहिलं. वर नव्हता, खाली नव्हता. त्यानं मान वर केली, आणि मग आपल्याच हातातल्या फडक्याकडे बघत राहिला.

“तिन्ही वेळा फोन वेगवेगळ्या माणसाकडून आला,” ताई म्हणाली. “पण तिन्ही वेळा त्यावर डाग होता. कारागिराचा चिखल, वहिनीचा साबण, हिचं क्रीम. तुझे हात कायम कोरडे, त्यामुळे तुझा डाग पडत नाही. आणि तू स्वतः बघतोस तेव्हा बघून झालं की आधी अंधार करतोस, मग पुसतोस. दुसऱ्याच्या हातून आला की काच उजळलेली असते. पातळ फडकं, ओली फुंकर, फोनला वाटतं बोटच फिरलं. खालून धरून वरून ओढतोस, म्हणून जाते ती वरचीच ओळ. जित्याची खोड, भाऊ. चाळीस वर्षं लोकांच्या काचा पुसल्यास, ही पण पुसलीस.”

भाऊ म्हणाला, “म्हणजे त्याचा आवाज मीच पुसला.”

“नाही. पुसायचं असलं तर फोन विचारतो, आणि तू कशालाच हो म्हणत नाहीस. विचारलं नाही याचा अर्थ पुसलं नाही, उचलून कुठेतरी ठेवलंय. माझ्या खिडकीवरही तसंच असायचं. कुणी न्यायला आलं नाही म्हणून आम्ही वस्तू फेकत नव्हतो. मागच्या खोलीत फळी होती.” ताई भाचीकडे वळली. “याला मागची खोली कुठे आहे, ते तू सांग. मला यातलं ओ की ठो कळत नाही.”

भाचीनं मोबाइल हातात घेतला आणि डोक्याला हात लावला. “अगं आत्या, आहे ना. ‘संग्रहित’ म्हणून. कडेला ओढलं की तिकडे जातं. बाबा, मला एकदा विचारायचं तरी.”

तिनं बोट टेकवलं. लेकीचा चहा, विणकामाचे फोटो, काचांची यादी, सगळं तिथे होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि चहाच्या खालीच एक नुसता नंबर होता.

७

“दादा, मी बोलतोय,” धाकट्याचा आवाज दुकानभर झाला. वहिनीनं तोंडावर हात धरला. जे भाऊनं ऐकलं होतं ते आधी गेलं. मग तो आवाज पुढे म्हणाला, “खरं सांगायचं तर डोळे अधू झालेत. इथे मोठी दुकानं आहेत, यंत्रं आहेत, मला हवी होती तशीच. पण दुसऱ्या कुणाकडून चष्मा करून घ्यावासा वाटत नाही. वर्षभर तसाच ओढतोय. तू करून देशील का?”

भाऊ रडला. काउंटरवर दोन्ही हात टेकून, लपवायचा प्रयत्नही न करता रडला. वहिनी उठून त्याच्याजवळ गेली आणि पत्राचं तिनं तिथेच सांगून टाकलं. त्यानं नुसती मान हलवली आणि तिचा हात धरून ठेवला.

समोरच्या दुकानात दिवा लागला. भाची म्हणाली, बाबा, द्या, मी लिहिते. भाऊ नको म्हणाला. त्यानं बटणावर अंगठा ठेवला, बोलायला लागला आणि अंगठा सुटला. दुसऱ्यांदाही सुटला. तेव्हा कारागीर पुढे आला. त्यानं आपला पांढरा चिखलाचा अंगठा भाऊच्या अंगठ्यावर ठेवला आणि दाबून धरला.

“ये,” भाऊ म्हणाला. “दुकान उघडं ठेवतो. येताना जुना चष्मा घेऊन ये.”

अंगठे उठले. मेसेज गेला. भाऊ कारागिराकडे वळला आणि म्हणाला, “चुकलो मी. सोमवारचं विसर. उद्या रविवार आहे, पण येशील का? त्याच्या काचा तू घास.” कारागीर म्हणाला, त्यांच्या समोर बसून घासतो, चुकलं तर रागावायला ते असतील.

मोबाइलवर आता चांगला मोठा पांढरा डाग पडला होता. भाऊचा हात आपोआप खिशाकडे गेला. ताईनं त्याच्या आधीच फडकं काढून घेतलं, घडी घातली आणि आपल्या पर्समध्ये ठेवलं.

“हे माझ्याकडे जमा. नंतर ओळख पटवून घेऊन जा.”

रविवारी साडेनऊच्या बसनं धाकटा आला. दुकानाच्या पायरीशी थबकला. पायरी दिसत नाही की चढवत नाही, ते ताईला कळेना. त्याच्या नाकावर सहा वर्षांपूर्वी याच दुकानात केलेला चष्मा होता, दांडीला चिकटपट्टी लावलेली, काचा ओरखड्यांनी पार धुरकटलेल्या. गोल गोल पुसल्याच्या खुणा दारातूनही दिसत होत्या.

भाऊ काउंटर सोडून पुढे गेला. धाकट्याच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला आणि फुंकर घातली. खिशात हात घातला तर फडकं नव्हतं. तो क्षणभर घोटाळला. मग त्यानं शर्टाचं टोक ओढलं आणि काचा पुसायला लागला, गोल गोल, पुन्हा पुन्हा.

धाकटा हसायला लागला, आणि हसता हसता डोळे पुसायला लागला. पर्समध्ये ताईचा हात फडक्यावर होता. तिनं ते बाहेर काढलं नाही.